शेकाट्या जमला, पण पाण्याचा पत्रा झाला (जलरंगवाल्यांनी मदत करा)

काठावरची | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर रंगपेटी उघडली ती थेट गेल्या वर्षी, मुलगी हॉस्टेलला गेल्यावर. मधली सत्तावीस वर्षं बँकेत नोटा मोजण्यात गेली.

मागच्या महिन्यात कुंभारगावला जाऊन आले. भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. सगळे रोहित (फ्लेमिंगो) बघायला नावेतून पुढे गेले. मला मात्र काठालगत घोटाभर पाण्यात उभे असलेले तीन शेकाटे आवडले. काळी पाठ, पांढरंशुभ्र पोट आणि ते अशक्य लांब गुलाबी पाय. सकाळचं ऊन तिरपं होतं, वारा अगदी थोडा. पाण्यावर बारीक लहरी उठत होत्या आणि त्यात पायांच्या प्रतिबिंबाचे तुकडे होत होते. भरपूर फोटो काढले.

घरी येऊन तेच चित्र तीनदा केलं. कागद जाड, ३०० जीएसएमचा, कॉटन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत. पक्षी बऱ्यापैकी जमतात. पाणी मात्र हटकून गंडतं. आधी निळा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देते, तो वाळला की गडद निळ्याने लहरी काढते. नवऱ्याने चित्र बघून विचारलं, "पक्षी गोठ्याच्या पत्र्यावर का उभे आहेत?" राग आला, पण खरंच पन्हाळी पत्रा दिसतोय.

तिन्ही प्रयत्नांचे फोटो खाली देते आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. कान पकडलेत तरी चालेल.

मीठभाकर | रविवार, रात्री १०:३१

फोटो दिसत नाहीत.

ओला कागद | रविवार, रात्री ११:०५

मला दिसतात. ताई, पक्षी छानच आहेत, विशेषतः मधला, जो मान वळवून बघतोय. पायांसाठी मास्किंग फ्लुइड (वाळल्यावर सोलून काढायचा रबरी द्रव) वापरा. पाय आधी फ्लुइडने झाकायचे, मग पाण्याचा वॉश बिनधास्त मारायचा. आत्ता तुम्ही पायांना वळसे घालत रंग लावलाय, त्यामुळे प्रत्येक पायाभोवती वॉश तुटलाय.

पाणलावा | सोमवार, सकाळी ७:२०

मी चित्रकार नाही, नुसता पक्षी बघत हिंडणारा माणूस. त्यामुळे पाण्याबद्दल बोलणार नाही. पण दुसऱ्या चित्रातल्या डावीकडच्या शेकाट्याच्या पायाचा सांधा चुकलाय. पायाच्या मध्यावर दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. म्हणून पाय मागच्या बाजूला दुमडतो. तुम्ही माणसासारखा पुढे वाकवलाय. लांब पायांचा कुठलाही पक्षी काढताना ही चूक हमखास होते. चांगल्या छापील कॅलेंडरवरसुद्धा पाहिली आहे.

आणखी एक. शेकाट्यांत नराची पाठ चकचकीत काळी, मादीची जरा तपकिरी. तुमच्या फोटोत उजवीकडची मादी असावी. तिघांनाही एकच काळा रंग लावू नका.

अवांतर: भिगवणला गेलात आणि मासे न खाता आलात का?

काठावरची | सोमवार, सकाळी ९:४८

@पाणलावा, घोटा!! गेला महिनाभर मी गुडघा काढतेय. धन्यवाद. (चिलापी खाल्ली. दोनदा.)

@ओला कागद, मास्किंग फ्लुइड पहिल्या प्रयत्नात वापरलं होतं. काढताना कागदाचा पापुद्राच निघाला. तेव्हापासून धसका घेतलाय.

कोटीतीर्थ | सोमवार, दुपारी ३:१५

बाई, तुमचं चित्र दुपारभर उघडून ठेवलंय. चित्रकला शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली, तेव्हा स्पष्ट बोललो तर राग मानू नका.

पहिला प्रश्न. उजनीचं पाणी निळं होतं का? डोळे मिटा आणि आठवा. इंटरमिजिएटला स्मरणचित्र होतं ना तुम्हाला, तसं. मला खात्री आहे की ते निळं नव्हतं. काठाजवळ ते गढूळ हिरवट-तपकिरी असतं, आणि त्यावर आकाशाचा फिकट उजेड पसरलेला असतो. पाणी म्हटलं की आपला हात निळ्या वडीकडे जातो. ही सवय बालवाडीपासूनची.

दुसरा प्रश्न. सगळ्या लहरी एकसारख्या अंतरावर का? वरपासून खालपर्यंत मोजल्या, अठ्ठावीस भरल्या. प्रत्येकीची जाडी तीच आणि दोन्ही टोकं कागदाच्या कडेला टेकलेली. म्हणजे पत्राच की हो. लहर ही रेघ नसते. लांबच्या लहरी चपट्या, बारीक, एकमेकींना खेटलेल्या. पायापाशी येतील तशा रुंद, सुट्या, मधल्या जागा मोठ्या. शिवाय त्या एकमेकींत शिरतात, फाटे फुटतात, मधेच विरतात. उन्हातल्या मच्छीमाराच्या जाळ्यासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणा, पण ओढून चपटं केलेलं.

आमच्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान होऊन गेले, १९३१ साली वारले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला माणूस, पण पुढे कोटीतीर्थाच्या काठाला धरून राहिला आणि तेच तळं, तोच रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. कधी पहाटे, कधी संध्याकाळी, कधी पावसाआधी. रंकाळ्यातल्या संध्यामठाचं त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या जलरंगांत पाणी बघा, लहरी मोजायला बसलात तर चार-पाचसुद्धा हाती लागत नाहीत. तरी पाणी हलतंय. शाहू महाराज १९२२ साली गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थातच बुडवली, असं आमच्याकडे सांगतात. शाळेत असताना त्या काठावरून जाताना मला वाटायचं, पाण्याला तो रंग तिथूनच आलाय.

असो. भरकटलो.

सरळरेघ | सोमवार, रात्री ९:०२

सरांनी जाळं म्हटलं ते पटलं. ते असं का दिसतं त्याबद्दल थोडं लिहितो. मी यांत्रिकी अभियंता, चित्रं काढतो ती फक्त रविवारी.

लहर म्हणजे तिरका धरलेला आरसा समजा. प्रत्येक लहरीला दोन उतार. एक तुमच्याकडे तोंड करून, एक पाठ करून. तुमच्याकडचा उतार आभाळाचा वरचा भाग दाखवतो, तो सहसा गडद असतो. शिवाय त्या उतारावर नजर जरा सरळ पडते, त्यामुळे पाण्याचा स्वतःचा रंग, म्हणजे उजनीचा तो गढूळ हिरवा, आतून डोकावतो. पाठ केलेला उतार क्षितिजाजवळचं फिकट आभाळ किंवा पलीकडचा काठ दाखवतो. फिकट आणि गडद असे हे आलटून पालटून येणारे तुकडे म्हणजेच आपल्याला दिसणाऱ्या लहरी. त्यामुळे निळ्यावर गडद निळा हे सूत्र मुळातच चुकतं. दोन वेगळे रंग लागतात. एक आभाळाचा, एक पाण्याचा.

नजर किती तिरकी आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. पाण्याकडे सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परत येतो, बाकी आत जातो. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या कोनातून पाहिलं तर ३५ टक्क्यांच्या आसपास परत येतो. कागदावर याचा अर्थ असा की वरचा, लांबचा भाग जवळजवळ आभाळच. खाली येता येता पाण्याचा रंग वाढत जातो, आणि अगदी पुढे तळाचा चिखलही दिसू शकतो. ताईंचा वॉश वरपासून खालपर्यंत एकच आहे.

आता प्रतिबिंब. ताईंनी बहुतेक पक्षी ट्रेस करून उलटा केलाय. तसं होत नाही. आपण पक्ष्याकडे जरा वरून बघतो, पण प्रतिबिंबात तोच पक्षी खालून दिसतो. म्हणजे काळी पाठ कमी, पांढरं पोट जास्त. ते पोटही कागदाइतकं पांढरं नको, एक पायरी मळकं हवं. गडद गोष्ट पाण्यात जरा फिकट होते आणि फिकट गोष्ट जरा गडद. लहरी असल्या की प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबतही जातं, मूळ पक्ष्यापेक्षा लांब.

आणि पोहणारा पक्षी काढलात कधी, चांदवा किंवा बदक, तर त्याच्यामागे जी व्ही आकाराची रेषा उठते तिचा कोन खोल पाण्यात साधारण ३९ अंशांचा असतो, पक्षी हळू जावो की जोरात. केल्विन या शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं. मात्र काठावरून तो कोन आडवा ताणलेला दिसतो, त्यामुळे कोनमापक घेऊन बसू नका.

मीठभाकर | सोमवार, रात्री ९:४०

प्रतिसाद वाचून डोकं गरगरलं, पण वाचनखूण साठवली. फोटो अजून दिसत नाहीत.

ओला कागद | सोमवार, रात्री १०:१८

मास्किंग फ्लुइडबद्दल: पापुद्रा निघतो त्याची कारणं ठरलेली आहेत. कागद किंचित दमट असताना लावलं, आठवडाभर तसंच ठेवलं किंवा वर हेअर ड्रायर फिरवला. ड्रायरच्या उष्णतेने ते कागदाला घट्ट धरतं. त्याच दिवशी लावा, त्याच दिवशी काढा. जुना ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर ब्रश कायमचा गेला. आणि चोळून काढू नका, एका टोकाला धरून हळू ओढा.

कोटीतीर्थ | मंगळवार, सकाळी ८:३०

फ्लुइडला माझा विरोध आहे. नीट लावलं तरी सगळ्या कडा सारख्याच कडक येतात. जणू पक्षी कात्रीने कापून चिकटवलाय. पाय पाण्यात शिरतो तिथे कड हरवायला हवी. फ्लुइड ती हरवू देत नाही. पांढरं राखायचं तर ब्रशने राखा. हात थरथरतो? थरथरू दे. थरथरलेली कड पाण्याला शोभते.

ओला कागद | मंगळवार, सकाळी ८:५५

सर, आदर आहेच. पण तीन मिलिमीटरचे सहा पाय आणि त्यांची सहा प्रतिबिंबं ब्रशने राखायची म्हणजे नव्या माणसाला शिक्षाच. कड नंतर ओल्या ब्रशने मऊ करता येते की.

कोटीतीर्थ | मंगळवार, सकाळी ९:१०

प्रतिबिंबं राखायचीच नाहीत. ती नंतर वरून येतात. पायसुद्धा राखायची गरज नाही. शेकाट्याचा पाय गुलाबी आहे, पांढरा नाही. फिकट वॉशवर तो सरळ वरून काढता येतो. राखायचं ते फक्त पोट आणि मान.

ओला कागद | मंगळवार, सकाळी ९:२२

हे मान्य. :)

दूरदेशी | मंगळवार, दुपारी २:४०

मँचेस्टरहून लिहितेय. इथून वेल्समधलं अँगलसी बेट काही तासांवर. तिथे चार्ल्स टनिक्लिफ नावाचा पक्षीचित्रकार राहायचा, १९७९ साली वारला. खाडीच्या काठावर घर, खिडकीतून पक्षी. लोक त्याला मेलेले पक्षी आणून द्यायचे. तो त्यांची मापं घेऊन, पंख उलगडून, प्रत्यक्ष आकारात जलरंगांत नोंदी करायचा. लांगेफनी गावातल्या ओरिएल मोन संग्रहालयात त्या ठेवल्या आहेत. मी बघितल्या तेव्हा अर्धा तास एकाच कागदासमोर उभी होते. मेलेल्या पक्ष्याची एवढी मापं घेतलेला माणूस जिवंत पक्षी मात्र काठावरच्या चोपडीत चार रेघांत उतरवायचा.

मुद्दा हा की फोटो एका क्षणाला गोठवतो. लहरीचा फोटो तर फारच फसवतो, कारण कॅमेऱ्याने हजारांश सेकंदात पकडलेलं पाणी आपण कधी बघितलेलंच नसतं. आपल्या डोळ्यांना लहरी येताना-जाताना दिसतात. फोटोवरून हुबेहूब काढलं की काचेचे तुकडे होतात. ताई, पक्ष्यासाठी फोटो घ्या, पाण्यासाठी पुन्हा काठावर जा.

पाणलावा | मंगळवार, सायंकाळी ६:०५

उन्हाळ्याकडे जा. उजनीचं पाणी उतरलं की दलदलीचे पट्टे उघडे पडतात आणि पक्षी उथळात गोळा होतात. पाणी फारच उतरलं तर पळसदेवचं बुडालेलं मंदिरही वर येतं. तेही काढा. फक्त पक्ष्यांच्या फार जवळ नाव न्यायला सांगू नका. उडवून फोटो काढणाऱ्यांनी आधीच वैताग आणलाय.

भिजकी वही | मंगळवार, रात्री १०:५०

धाग्याचा विषय नाही, पण कुणी रोहित काढणार असेल तर सांगून ठेवते. ओपेरा नावाचा झगझगीत गुलाबी रंग वापरू नका. मोहात पडून मी दिवाणखान्यासाठी मोठं चित्र केलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. दीड वर्षात रोहितांचे बगळे झाले. तो रंग उजेडात टिकत नाही. क्विनाक्रिडोन रोझ जरा शांत आहे, पण राहतो.

मी रत्नागिरीची, म्हणून दुसरी तक्रार: पावसाळ्यात कागदच बिघडतो. वरचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं आणि वॉश दिला की टीपकागदासारखे ठिपके शोषले जातात. महागाचा कागदही त्याला अपवाद नाही. प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते आता. पुण्याला उलटा त्रास असेल ना, वॉश संपायच्या आत वाळत असेल?

काठावरची | बुधवार, सकाळी ७:३५

@भिजकी वही, एप्रिलमध्ये पंखा बंद करून, घामाघूम होऊन रंगवते. तरी वरचा कोपरा वाळलेला असतोच.

सगळ्यांचं वाचतेय. सर, रंग कोणते आणि कुठल्या क्रमाने ते एकदा सांगाल का? अगदी पाककृतीसारखं.

कोटीतीर्थ | बुधवार, सकाळी ११:२०

पाककृती सांगतो, पण मीठ चवीनुसार.

कागद पाटीवर चिकटपट्टीने ताणून बसवा, पाटी किंचित उतरती ठेवा. पोट आणि मान सोडून सगळा कागद स्वच्छ पाण्याने भिजवा. वर अगदी पातळ सेरुलियन निळा, त्यात उजेडाच्या बाजूला यलो ऑकरचा नुसता वास. खाली येताना बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सॅप ग्रीनचं पातळ मिश्रण त्यात सोडा, एकमेकांत उतरू द्या. ब्रश परत नेऊ नका. वाळत चाललेल्या वॉशमध्ये ब्रश फिरवला की चिखल झालाच म्हणून समजा. उठून चहा घ्या. पूर्ण वाळू द्या. हाताची पालथी बाजू लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे.

मग लहरी. १० नंबरचा गोल ब्रश, टोकाने नाही, आडवा धरून. मधल्या टोनचा तोच हिरवट-तपकिरी, त्यात जरासा अल्ट्रामरीन निळा. खालून सुरुवात करा, मोठे तुकडे. वर जाल तसे चपटे, लहान. दर तीन-चार तुकड्यांनी दोन जोडून टाका. आणि निम्मं पाणी तसंच सोडा, हे सगळ्यात अवघड. हात थांबत नाही. ऊन चमकतं तिथे जवळपास कोरड्या ब्रशने एक झपाटा मारा, कागदाच्या खड्ड्यांतलं पांढरं राहील, तीच चमक.

पक्ष्याचा काळा ट्यूबमधला नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवा. नराला निळ्याकडे झुकवा, मादीला तपकिरीकडे. उन्हाकडची कड ओल्या ब्रशने पळवा.

पाय शेवटी, रिगर म्हणजे लांब, बारीक केसांच्या ब्रशने, वरून खाली, श्वास धरून, एका दमात. घोट्यापाशी किंचित दाबा. पाण्याला टेकतो तिथे ब्रश उचला, एक बारीक फट सोडा, मग प्रतिबिंबाचे आडवे-तिरपे तुकडे, खाली जाताना अंतर वाढवत. सर्वांत गडद ठिपका कुठे असेल तर तो पाय पाण्यात शिरतो तिथे. त्याच्याभोवती एखादंच चपटं वलय. तिन्ही पक्ष्यांच्या सहाही पायांना वलयं काढलीत तर पुन्हा नवऱ्याला विचारायची वेळ येईल.

सरळरेघ | बुधवार, सकाळी ११:४१

दंडवत सर. माझ्या चारशे शब्दांपेक्षा "निम्मं पाणी तसंच सोडा" भारी.

काठावरची | दुसऱ्या आठवड्यातला सोमवार, रात्री ९:१५

मंडळी, शनिवारी पुन्हा कुंभारगावला गेले. या वेळी नावेत बसलेच नाही. काठावर घडीचं स्टूल टाकलं आणि वीस मिनिटं ब्रशला हात लावला नाही. बसवत नव्हतं. पण दहाव्या मिनिटाला एक गोष्ट दिसली. वारा पट्ट्यापट्ट्याने येत होता. जिथे वारा टेकायचा तिथे पाणी खरखरीत आणि गडद, शेजारचा पट्टा गुळगुळीत आणि फिकट. माझे तिन्ही शेकाटे, म्हणजे तेच असतील असं मानते, गुळगुळीत पट्ट्यात उभे होते. म्हणजे सगळीकडे लहरी काढायचं कारणच नव्हतं. फोटोत हा पट्टा होता, मला दिसला नव्हता.

मग तिथेच दोन तळहाताएवढी चित्रं केली, आणि रविवारी घरी मोठं. लहरी मोजल्या, अकरा. निम्मं पाणी सोडलं. सोडवत नव्हतं, म्हणून सरांनी सांगितला तसा चहा घ्यायला उठले. उजवीकडच्या मादीचा पाय जाड झालाय, पुसायला गेले तर डाग पसरला, तो तसाच आहे. मधल्याचं प्रतिबिंब मात्र मला स्वतःला आवडलंय. नवऱ्याने विचारलं, "पाणी किती खोल होतं तिथे?" एवढंच.

फोटो जोडते.

पाणलावा | सोमवार, रात्री ९:३३

घोटे बरोबर! मादी तपकिरी! माझं काम झालं.

ओला कागद | सोमवार, रात्री ९:५०

वा! तो गडद पट्टा मागे गेल्यामुळे पांढरी पोटं काय उठली आहेत. फ्लुइडशिवाय जमलं, मी शब्द मागे घेतो. अर्धा.

मीठभाकर | सोमवार, रात्री १०:०२

दिसला! या वेळचा फोटो दिसला. मला चित्रातलं कळत नाही, पण पाणी थंड असावं असं वाटलं.

कोटीतीर्थ | मंगळवार, सकाळी ८:०५

बाई, चांगलं झालंय. उजवीकडचा पाय विसरा, पुढच्या चित्रात येईल. वरचा पट्टा अजून थोडा मऊ हवा होता. पण डाव्या कोपऱ्यात खाली, काठाजवळ पाण्याचा जो रंग उतरलाय तो अस्सल उजनीचा आहे. तो मी सांगितलेल्या मिश्रणाचा वाटत नाही. काय घातलंत त्यात?

काठावरची | मंगळवार, सकाळी ९:२६

चहा, सर. ब्रश चुकून कपात बुडवला.